वाचकांचे प्रश्न : समुद्राच्या पोटातल्या लाटा मोजायच्या कशा?

गेल्या अंकात लुझॉन सामुद्रधुनीवर अर्ध्या पानाची टीप छापली होती. तैवान आणि फिलिपिन्सचं लुझॉन बेट यांच्यामध्ये समुद्रतळावर दोन उत्तर-दक्षिण डोंगररांगा आहेत. भरती-ओहोटीचं पाणी त्यांच्यावरून रोज ये-जा करतं आणि पाण्याच्या पोटात २०० मीटरपेक्षा उंच लाटा उठून तिथेच फुटतात, एवढाच तिचा मजकूर. घाटमाथ्यावरच्या वाचकाला समुद्राच्या तळाशी काय कर्तव्य, ही आमची समजूत पत्रांनी मोडीत काढली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : लाट म्हणजे पाण्याच्या वरच्या अंगाची हालचाल. चहूबाजूंनी पाणीच असताना पाण्याच्या आत लाट कशी उठते? आणि ती २०० मीटर उंच असेल तर वरचं जहाज उलटत कसं नाही?
(बारावी सायन्सची विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : समुद्राचं पाणी वरपासून खालपर्यंत सारखं नसतं. वर उन्हाने तापलेलं हलकं पाणी, खाली थंड आणि जड. या दोहोंच्या सीमेवरचं जड पाणी काही कारणाने वर ढकललं गेलं की ते परत खाली येऊ पाहतं, येताना आपली जागा ओलांडून आणखी खाली जातं, पुन्हा वर येतं. हीच अंतर्गत लाट. पृष्ठभागावरच्या लाटेच्या डोक्यावर हवा असते, ती पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी. आतल्या लाटेच्या डोक्यावर पाणीच असतं, जेमतेम हजारात तीन भागांनी हलकं. म्हणजे लाटेला खाली खेचणारं गुरुत्वाकर्षणही जणू हजारात तीन भागच उरलं. म्हणून थोड्या धक्क्यात प्रचंड उंची मिळते आणि चाल मात्र बैलगाडीची राहते.

ती चाल काढता येते. वरचा थर १५० मीटर, खालचा २५०० मीटर धरा. दोन्ही जाडींचा गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे सुमारे १४१ मीटर. त्याला ९.८ च्या हजारात तीन भागांनी गुणा आणि वर्गमूळ काढा : सेकंदाला सुमारे २ मीटर. तेवढ्याच खोल समुद्रात त्सुनामीची लाट सेकंदाला १६० मीटर धावते. जहाजाचं म्हणाल तर आतली सीमा १०० मीटर वर-खाली झाली की समुद्राची पाठ त्याच प्रमाणात, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आसपास हलते, तीही कित्येक किलोमीटरवर पसरून. कप्तानाला कळतही नाही. त्याला दिसतो तो वेगळाच मामला : आतल्या लाटेमुळे वरचे प्रवाह कुठे एकत्र येतात, कुठे फाकतात, आणि पाण्यावर खडबडीत व गुळगुळीत असे लांबच लांब पट्टे उमटतात. अंदमानच्या समुद्रात असे पट्टे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसतात. तिथल्या मोजमापांवरचा ऑसबर्न आणि बर्च यांचा १९८० सालचा लेख आजही या विषयात पायाभूत मानला जातो.

हे सारं घरी पाहता येतं, आणि पाहावंच. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद अशी काचेची मत्स्यटाकी घ्या. आदल्या रात्री तिच्यात ७ सेंटिमीटर साधं पाणी भरून ठेवा. ताज्या नळाच्या पाण्यातून काचेवर बुडबुडे धरतात आणि नेमकी सीमाच झाकतात. दुसऱ्या भांड्यात साडेबारा लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ पूर्ण विरघळवा आणि खाण्याचा रंग किंवा शाई घाला. कुंकू नको, ते विरघळत नाही, तळाशी बसतं. आता हे खारं पाणी मत्स्यटाकीच्या हवेच्या पंपाच्या बारीक नळीने, नळीचं तोंड टाकीच्या तळाला टेकवून, वरच्या साध्या पाण्याखाली सोडा. याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. घाई करून वरून ओतलंत तर सगळं मिसळून फिकट रंगाचं एकच पाणी होतं आणि अर्धा किलो मीठ वाया जातं.

दोन थर नीट बसले की टाकीची एक बाजू दोन सेंटिमीटर उचलून खाली लाकडी पट्टी द्या. पाणी शांत झालं की पट्टी हळूच काढून बाजू खाली टेका. वरचं पाणी सेकंदाला एक हेलकावा घेऊन लवकर थंडावेल. रंगीत सीमा मात्र एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत यायला १२ ते १३ सेकंद घेईल आणि बराच वेळ डोलत राहील. तुमच्या घड्याळात ७-८ सेकंदच आले तर समजा की खालचा थर ठरल्यापेक्षा जास्त खारा झाला आहे. २० सेकंद आले तर थर मिसळले आहेत. शेवटी टाकीच्या मधोमध अर्धी वीट आडवी ठेवून हेच करा. विटेवरून उतरणारं रंगीत पाणी पलीकडच्या बाजूला गुंडाळत जातं. लुझॉनच्या डोंगररांगेवर घडतं ते याच जातीचं.

प्रश्न : आम्ही ओतकामवाले. तीन हजार मीटर पाण्यात यंत्रांचा दोर उभा राहतो तो कशाच्या वजनावर? सिमेंटचा ठोकळा चालणार नाही का? परत वर कसा आणतात?
(फाउंड्रीतले एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : या लाटा मोजायला यंत्रं बांधलेला दोर समुद्रात उभा सोडतात, खाली वजन आणि वर तरंगता गोळा. त्या वजनाला ठोकळा चालतो, पण महाग पडतो. का, ते तुम्हाला लगेच पटेल. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकाराइतक्या पाण्याचं वजन गमावते. ओतीव लोखंड पाण्यापेक्षा ७.२ पट जड, म्हणून समुद्रात त्याचं ८६ टक्के वजन शिल्लक राहतं. काँक्रीट २.४ पट जड, त्याचं ५७ टक्केच उरतं. तळाशी १२०० किलोचा धर हवा असेल तर लोखंड १४०० किलो लागेल आणि काँक्रीट २१०० किलो. जहाजाच्या क्रेनला हा ७०० किलोंचा फरक फार मोठा. परदेशात यासाठी रेल्वेची जुनी चाकं एकावर एक रचून वापरतात, कारण हे वजन कायमचं तळाशीच राहतं. ओतकामातले बारीकसारीक दोष इथे चालतात. मात्र दोर अडकवायचा डोळा ओतलेला नको. ओतीव लोखंड दाबाला खंबीर पण ताणाला ठिसूळ, आणि क्रेनचा एक हिसका पुरे. आरपार पोलादी दांडा घालून त्याला घडीव शॅकल (पिनेने बंद होणारी कडी) लावतात.

आता तळापासून वर या. वजनावर साखळीचा तुकडा, त्यावर शेजारी-शेजारी दोन अकूस्टिक रिलीज, म्हणजे जहाजावरून ठरावीक सांकेतिक आवाज पाण्यात सोडला की उघडणारे आकडे. दोन अशासाठी की एकाची बॅटरी किंवा कान गेला तरी दुसरा उघडतो, आणि कोणताही एक उघडला की दोर सुटतो अशी त्यांची जोडणी असते. त्यावर जाड काचेचे पोकळ गोळे, मग दोर, दोरावर ठरावीक अंतरांनी तापमापक, क्षारता मोजणारी यंत्रं, ध्वनीने प्रवाह मोजणारं एडीसीपी. सर्वांत वर मोठा तरंगता गोळा, तोही पृष्ठभागाच्या बराच खाली, म्हणजे लाटांचा आणि मच्छीमार जाळ्यांचा त्रास कमी.

चूक होते ती बहुतेकदा दोराच्या जाडीत. गोळा मोठा दिसतो म्हणून प्रवाहाचा सगळा जोर त्यावरच येतो असं वाटतं. हिशोब उलटा आहे. १.२ मीटर व्यासाच्या गोळ्यावर सेकंदाला दीड मीटरच्या प्रवाहाचा रेटा साधारण ६५ किलोंचा. आणि नुसत्या ६ मिलिमीटर जाडीच्या, १००० मीटर लांबीच्या दोरावर तोच प्रवाह पूर्ण लांबीभर आला तर ८५० किलोंचा! रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह अर्ध्या मीटरचा असता तर हाच दोर ९५ किलोंवर भागला असता. म्हणून सामुद्रधुनीत दोर शक्य तितका बारीक ठेवतात आणि तरंगते गोळे वाढवतात. मग गोळे वाढले म्हणून वजन वाढवावं लागतं, वजन वाढलं म्हणून क्रेन. हे रहाटगाडगं कुठे थांबवायचं, याचा निर्णय सर्वांत आधी कागदावर व्हायला हवा, जहाजावर नव्हे.

दोर सोडताना वरचा गोळा आधी पाण्यात जातो, दोर जहाजामागे लांब तरंगत राहतो आणि वजन शेवटी टाकतात. पडताना वजन सरळ खाली जात नाही, दोर त्याला मागे ओढतो. म्हणून जहाज ठरलेल्या जागेच्या पुढे, खोलीच्या पाच ते दहा टक्के अंतर जाऊन वजन सोडतं. डोंगररांगेच्या माथ्यावर हे गणित चुकलं तर वजन उतारावर बसून घसरतं. नंतर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रिलीजला आवाज देऊन त्याचं अंतर मोजतात आणि नेमकी जागा पक्की करतात. काढायच्या दिवशी आकडा उघडला की ३००० मीटरवरून दोर पाऊण तासात वर येतो. स्टेनलेस आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड एकमेकांना थेट चिकटलेलं असेल तर मात्र तो त्याआधीच एखाद्या रात्री न सांगता येतो. खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंची बॅटरी होते आणि जस्ताचा थर, मग शॅकल, असं एकेक खाऊन टाकते. मध्ये प्लास्टिकचं बुश, प्रत्येक शॅकलला स्प्लिट पिन. यात काटकसर नको.

प्रश्न : प्रवाहाने दोर वाकतो तर त्यावरचा तापमापकही खाली जातो. मग मोजलेली लाट पाण्याची की दोराची?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : दोघांची मिळून, आणि वेगळं करणं हेच खरं काम. दोर आडवा झाला की वरचा गोळा १०० मीटरसुद्धा खाली जाऊ शकतो. तापमापक थंड पाण्यात उतरतो आणि नोंदीत लाट वर आल्यासारखी दिसते. त्यातून वाईट म्हणजे प्रवाह आणि लाट दोन्ही भरती-ओहोटीच्याच ठेक्यावर चालतात, त्यामुळे ही खोटी लाट अगदी खरीसारखी असते. उपाय एकच : दोरावर तीन-चार ठिकाणी दाबमापक. दाबावरून त्या-त्या क्षणाची खोली कळते, मधल्या तापमापकांची खोली त्यावरून काढतात, आणि मगच आलेख. दाबमापक नसलेल्या दोराच्या नोंदीवरून लाटेची उंची सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट तापमापकाच्या अचूकतेची. वर २०० मीटरवर तापमान भराभर बदलतं, तिथे थोडी चूक खपते. २५०० मीटरवर १०० मीटरमागे अंशाचा दहावा भाग इतकाच बदल असला, तर अंशाच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे थेट १० मीटरची खोटी लाट. म्हणून खोलवरच्या तापमापकांना अंशाच्या हजारात दोन-तीन भागांची अचूकता लागते, आणि सोडण्याआधी व काढल्यावर सगळे एकाच सीटीडीला बांधून तपासतात. (सीटीडी म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली एकत्र मोजणारं यंत्र.) घड्याळांचंही तसंच. तापमापकांची घड्याळं महिन्या-दोन महिन्यांत काही सेकंद ते मिनिटं इकडे-तिकडे होतात. त्यावर एक साधी युक्ती आहे : सोडण्याआधी आणि काढल्यानंतर सगळे तापमापक बर्फाच्या एकाच बादलीत एकदम बुडवायचे आणि वेळ जीपीएस घड्याळावर लिहून ठेवायची. प्रत्येक नोंदीत तापमानाचा तो तीव्र उतार दिसतो आणि घड्याळं जुळवता येतात. बादली विसरली की नंतर महिनाभर संगणकावर बसावं लागतं.

एडीसीपीची मर्यादाही ध्यानात घ्या. ते चार तिरपे ध्वनिकिरण सोडतं, उभ्या रेषेपासून २० अंशांवर. ५०० मीटर अंतरावर समोरासमोरचे दोन किरण एकमेकांपासून ३६० मीटर दूर गेलेले असतात, आणि यंत्र मात्र दोन्हीकडे प्रवाह सारखाच आहे असं धरून चालतं. बारा तासांच्या लाटेला हे चालतं, पाचशे मीटर रुंदीच्या लाटेला नाही. शिवाय तळाकडे तोंड असेल तर तळाच्या जोरदार प्रतिध्वनीमुळे शेवटचे सुमारे सहा टक्के अंतर निकामी, ५०० मीटरला ३० मीटर. खळबळीचा मोठा हिस्सा नेमका तळालगतच असतो, म्हणून तिथे आणखी एक लहान एडीसीपी द्यावं लागतं.

जहाज एका जागी उभं करून सीटीडी वर-खाली करत राहणं, ही दुसरी रीत. मुख्य भरती १२.४२ तासांची, रोज एकदाची भरती २३.९३ तासांची, आणि लुझॉनमध्ये दोन्ही जोरात. त्या वेगळ्या करायला निदान २५ तास हवेत. ३६ तास थांबता आलं तर बरं. २५०० मीटर उतरायला सेकंदाला एक मीटरने ४२ मिनिटं, चढायला तेवढीच. म्हणजे तळाशी दर दीड तासाला एकदाच डोकावता येतं, आणि तिथली वीस मिनिटांची लाट चुकीच्या रूपात नोंदली जाते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग यांतला फरक पाहायला निदान पंधरवडा लागतो. तेवढं जहाज कोण उभं ठेवणार? तिथे दोरच कामाचा. दोन्ही रीती एकत्र वापरल्या तरच चित्र पुरं होतं. लुझॉनमध्ये २०१० आणि २०११ साली तसंच केलं गेलं, आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट कळली : लाट रांगेवर उठते तेव्हा गोलसर, सौम्य आकाराची असते. उभ्या भिंतीसारखी ती होते पश्चिमेकडे दक्षिण चीन समुद्रात पुढे गेल्यावर.

प्रश्न : लाट कळली. तिच्या फुटण्यातली खळबळ कशी मोजतात, आणि त्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?
(भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, चिकोडी)

उत्तर : दोन वाटा आहेत, एक स्वस्त आणि एक कष्टाची.

स्वस्त वाट उलथापालथीवरून. लाट फुटते तेव्हा जड पाणी हलक्याच्या वर येतं. सीटीडीने मोजलेली घनता खोलीनुसार मांडा, मग तीच आकडेवारी हलक्याकडून जडाकडे क्रमाने लावा. प्रत्येक थेंबाला आपल्या योग्य जागी जायला किती मीटर सरकावं लागलं ते पाहा, त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या. हे थॉर्प माप. समुद्रशास्त्रज्ञ थॉर्प यांनी १९७७ साली स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरातल्या मोजमापांवरून ते मांडलं. या मापाचा वर्ग गुणिले स्थिरतेच्या वारंवारतेचा घन, गुणिले ०.६४. उत्तर येतं ते दर किलो पाण्यामागे विरणारी शक्ती. ०.६४ हा आकडा ०.८ चा वर्ग आहे, तो डिलन यांच्या १९८२ च्या मोजमापातून आला. उदाहरण घ्या : माप ४० मीटर, वारंवारता सेकंदाला ०.००१ रेडियन, म्हणजे पाणी आपोआप डोललं तर एका डोलण्याला १०५ मिनिटं. १६०० गुणिले एक अब्जांश गुणिले ०.६४, म्हणजे किलोमागे एक मायक्रोवॅट.

घोटाळा होतो तो घनतेतच. तापमापक आणि क्षारता मोजणारी नळी यांचा प्रतिसाद एका वेगाचा नसतो. तापमान झपकन बदललं की क्षारतेत खोटा काटा उठतो आणि तो उलथापालथीसारखा दिसतो. जहाज हेलकावे खातं तेव्हा सीटीडी क्षणभर मागे येतं आणि आपणच घुसळलेलं पाणी मोजतं. म्हणून फक्त उतरतानाच्या नोंदी घ्या, दोन्ही संवेदकांचा वेळ जुळवा, आणि मागे सरकलेले भाग काढून टाका. घनतेतला गोंगाट घनमीटरमागे अर्धा ग्रॅम असला, तर वरच्या उदाहरणातल्या स्थिरतेला सुमारे १० मीटरपेक्षा लहान उलथापालथ ओळखताच येत नाही. ज्या थरात काहीच सापडलं नाही तिथे शून्य लिहू नका, "मापाच्या खाली" असं लिहा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक सर्रास असते.

कष्टाची वाट म्हणजे पाण्याची शहारी थेट टिपणं. खळबळीचे भोवरे लहान होत होत शेवटी पाण्याच्या चिकटपणात विरतात. किलोमागे एक मायक्रोवॅट असेल तर विरण्याची लांबी एक मिलिमीटर, शांत समुद्रात सेंटिमीटरभर. त्यासाठी बोटाएवढ्या टोकाचा शिअर प्रोब लागतो. टोकात दाबाने वीज निर्माण करणारी सिरॅमिकची पट्टी असते. आडव्या झुळकीने ती वाकते आणि सेकंदाला ५१२ वेळा नोंद होते. यंत्र सेकंदाला ६० ते ८० सेंटिमीटरने मोकळं पडायला हवं. दोर ताणला की जहाजाचा थरथराट सरळ आकड्यांत उतरतो. सामुद्रधुनीत वरचा प्रवाह एकीकडे, खालचा दुसरीकडे, त्यामुळे दोर नको तिथे ताणतो आणि जास्तीचा ढिला दोर सतत सोडत राहावा लागतो. यंत्रातच कंपनमापक बसवून थरथराट वजा करतात, तरी पूर्ण जात नाही. प्लवक किंवा मासा टोकावर आपटला की एक उंच काटा उठतो. आपटणं जोराचं असेल तर टोकच निकामी होतं, म्हणून प्रोब नेहमी दोन लावतात. दोघांत दुपटीचा फरक सामान्य समजा. त्याहून फार जास्त असेल तर कमी आकडा धरणं शहाणपणाचं, कारण बिघडलेला प्रोब बहुधा जास्तच दाखवतो.

भरवशाचं सांगायचं तर थॉर्प पद्धत पुष्कळ उलथापालथींच्या सरासरीला चांगली, एकेका उलथापालथीला नाही. लाट नुकतीच कोसळू लागलेली असते तेव्हा माप मोठं पण विरणारी शक्ती अजून लहान. शेकडो मीटर उंचीच्या कोसळण्यात ही पद्धत खळबळ फुगवून सांगू शकते. तुम्ही प्राध्यापक आहात म्हणून एक विनंती : विद्यार्थ्यांकडून आकड्याबरोबर तो किती पटीने चुकू शकतो हेही लिहून घ्या. उत्तर दहापटीच्या आत आलं तर या विषयात ते वाईट नाही.

प्रश्न : खळबळ फार, म्हणजे किती? आम्हा ऊसवाल्यांना एचपीत सांगा की.
(शेतकरी, निपाणी)

उत्तर : वरच्या उत्तरातला आकडा घ्या, किलोमागे एक मायक्रोवॅट. एक घनकिलोमीटर समुद्राचं पाणी सुमारे १०२५ अब्ज किलो भरतं. म्हणजे सव्वादहा लाख वॉट. तुमच्या विहिरीवरचे पाच एचपीचे २७५ पंप एका घनकिलोमीटरात रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. मोकळ्या खोल समुद्रात किलोमागे एक नॅनोवॅटचा दहावा भाग इतकीच खळबळ असते. तिथे तेवढ्याच पाण्यात १०० वॉटचा एक पिवळा बल्ब. लुझॉनच्या रांगेवर मोकळ्या समुद्राच्या दहा हजार पटीहून जास्त खळबळ सापडली, ती या हिशोबातली.

एवढं होऊनही पाणी तापत नाही. वर्षभर अखंड चाललं तरी अंशाचा शंभरावा भागसुद्धा नाही, म्हणून थर्मामीटर बुडवून ही शक्ती मोजता येत नाही. मात्र या शक्तीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी आणखी शक्ती जड पाणी वर उचलण्यात जाते. खालचं थंड पाणी वर, वरची ऊब खाली. तळाशी बुडालेलं पाणी कधी ना कधी वर यावंच लागतं, आणि ते घुसळण्यानेच येतं. समुद्रशास्त्रज्ञ मंक यांनी १९६६ साली हिशोब मांडला होता की त्यासाठी साऱ्या समुद्रात सरासरी सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर (मिश्रणाचा जोर याच एककात मोजतात) इतकं मिश्रण लागतं. आपल्या उदाहरणातल्या जागी ते २००० चौरस सेंटिमीटर भरतं. ताक सगळ्या डेऱ्यात सारखं घुसळत नाही, रवीपाशी घुसळतं. समुद्राच्या रव्या या अशा सामुद्रधुन्यांत आहेत.

प्रश्न : पाणबुडीला याचा धोका असतो का?
(माजी सैनिक, बेळगाव)

उत्तर : असतो. काही मिनिटांत सभोवतीचं पाणी शंभर मीटर खाली जाऊ शकतं, शिवाय वरून आलेलं हलकं पाणी पाणबुडीला कमी उचलून धरतं. एप्रिल २०२१ मध्ये बालीच्या उत्तरेला इंडोनेशियाची नांग्गाला ही पाणबुडी ५३ जणांसह बुडाली, तेव्हा तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी अशा लाटेची शक्यता बोलून दाखवली होती. जवळच लोंबोक सामुद्रधुनी आहे आणि ती अशा लाटांसाठी प्रसिद्धच आहे. मात्र ती शक्यता आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे.

प्रश्न : धरणाच्या पाण्यात अशा लाटा असतात का? हिडकल आम्हाला जवळ. शाळेच्या विज्ञान मंडळाने मोजायचं ठरवलं तर काय लागेल?
(माध्यमिक शिक्षक, हुक्केरी)

उत्तर : उन्हाळ्यात साठा थरांत विभागला गेला असेल तर असतात. वर २८ अंश आणि खाली २२ अंश असेल तर दोन पाण्यांत हजारात दीड भागाचा फरक पडतो, तेवढा पुरतो. दिवसभर एकाच दिशेचा वारा वरचं ऊन पाणी एका टोकाला लोटतो, वारा पडला की आतली सीमा टाकीतल्यासारखी डोलू लागते. साठ्याची लांबी ५ किलोमीटर, वरचा थर ६ मीटर आणि खालचा १४ मीटर धरला तर एका हेलकाव्याला साधारण ११ तास येतात. म्हणजे दुपारी एकदा जाऊन मोजलं तर हाती काही लागणार नाही.

डीएस१८बी२० हे जलरोधक तापमान-प्रोब दहा घ्या आणि एका दोरीवर दर दोन मीटरला बांधा. त्यांची मूळ अचूकता अर्ध्या अंशाची असते, म्हणून आधी दहाही प्रोब एका बादलीत ढवळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, प्रत्येकाचा फरक लिहून घ्या आणि नंतर तो वजा करा. हे एकदा गार पाण्यात आणि एकदा कोमट पाण्यात. फरक दोन्हीकडे सारखा आला नाही तर तो प्रोब बाजूला ठेवा. बाजारात नकली प्रोब बरेच आहेत. नोंद दर दहा मिनिटांनी, निदान तीन दिवस सलग. खाली दगड, वर तरंगता डबा. दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा थोडीच लांब ठेवा, नाहीतर ती तिरपी होऊन वर सांगितलेली दोराची खोटी लाट तुम्हालाही दिसेल. पाण्याची पातळी रोज दोनदा लिहा, कारण कालव्याला पाणी सोडलं की सगळ्या खोल्या बदलतात. वाऱ्याची दिशा आणि जोर तासातासाला, अंदाजे लिहिला तरी चालेल.

मार्च ते मे हा काळ धरा. जूनमध्ये घटप्रभेला गढूळ पाणी आलं की थरांचा भरवसा नाही. पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी, होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि मुलांनी काठावरची नोंदवही सांभाळायची. दोरी मोठ्यांनी सोडायची. आलेख काढताना प्रत्येक प्रोबची रेघ वेगळी न काढता २५ अंशांचं पाणी कोणत्या वेळी किती खोलीवर होतं एवढी एकच रेघ काढा. ती रेघ ११ तासांच्या आसपास वर-खाली होते का ते पाहा. ती २४ तासांनीच होत असेल तर तो फक्त दिवसाच्या उन्हाचा परिणाम असू शकतो. मग दोरी साठ्याच्या दुसऱ्या टोकाला लावून पुन्हा तीन दिवस मोजा : लाट असेल तर एका टोकाला रेघ वर असताना दुसऱ्या टोकाला खाली असेल. दोन्हीकडे एकाच वेळी मोजायला वीस प्रोब लागतील, पण उत्तर निर्विवाद मिळेल.